लाकडांचा शनिवार

जूनचा दुसरा शनिवार. हजर: अकरा.
मागच्या हिवाळ्यात चौदा होतो.
गवतावर हिम इतकं कडक
की बूट टेकला की काच चावल्यासारखं करकरतं.

हॅगर्टच्या मळ्यातली मॅक्रोकार्पाची दोन झाडं
गेल्या वर्षीच्या वादळात आडवी झाली होती.
आता वाळलीत. त्यानं फुकट दिली.
"कुंपण तेवढं मोडू नका," म्हणाला.
आम्ही मोडलं.
तो विषय पुढच्या सभेत घेऊ.

फालानिको कत्तलखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आलेला,
डोळ्यांत झोप, हातात करवत.
रेविनकडे चहाचा थर्मास आणि यादी.
यादीत एकवीस घरं:
ज्यांना जळण विकत घेणं परवडत नाही,
ज्यांना आता कुऱ्हाड उचलत नाही,
आणि डोंगराखालची एक बाई, जिला दोन्ही जमतं,
पण वर्षातून एकदा कुणीतरी
फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला हवा असतो.
हे यादीत लिहिलेलं नाही.

बाविसावं नाव रेविननं पेन्सिलनं लिहिलं होतं,
इतकं पुसट, की नको असेल तर
श्वासानंही पुसता यावं.

ॲल्विन प्रॅटली.

ज्यानं हा शनिवार सुरू केला
एकोणऐंशी साली, उसन्या ट्रेलरवर, बायकोची बोलणी खात.
क्लबातल्या कुठल्याही वादात एक घाव दोन तुकडे:
बाक रंगवायचा तर हिरवा.
सॉसेज विकायचे तर कांदा आधी परतायचा.
ओढ्यावरची फळी वाहून गेली, तर आधी फळी, मग परवानगी.
आणि "मदत" हा शब्द त्यानं सभेत कधी चालू दिला नाही.
"फेरी म्हणा," म्हणायचा, "दूधवाला घालतो तशी."

मार्चमधल्या सोडतीत
त्याला चिठ्ठी फाडता आली नव्हती.
आम्ही सगळे तेव्हा छताकडे पाहत होतो.

कोण जाणार, यावर कुणी बोललं नाही.
मी चिटणीस, म्हणून मी. फालानिकोची गाडी, म्हणून तो.

दारात ॲल्विन, अंगावर झोपेचा झगा.
"कुणाची ही?"
"तुमची."
"मी मागवली नाहीत.
माझी लाकडं मसणात जायला वेळ आहे अजून."

मला उत्तर सुचलं नाही.
फालानिकोनं मात्र ऐकलंच नाही, किंवा ऐकून
सरळ रचायला घेतलं, शेडच्या भिंतीलगत,
चार ओळी. पाचवी.

"साल वर!"
म्हातारा पायऱ्या उतरला, हिमात, सपाता घालून.
"साल वर, गाढवांनो! पाणी आत मुरतं नाहीतर!
किती वर्षं सांगतोय!"

मग आम्ही पाचही ओळी उपसल्या.
तो थरथरत्या बोटानं दाखवत राहिला, हे इथे, ते तिरकं,
ती गाठ असलेली ढलपी बाजूला ठेव,
मॅक्रोकार्पा ठिणग्या थुंकते, गालिचा जाळेल.
शेवटी त्यानं खाली वाकून एक काटकी उचलली,
बोटाएवढी,
दोन्ही हातांनी धरून
सगळ्यात वर ठेवली.

"हॅगर्टचं कुंपण मोडलंत ना?"
"हो."
"दर वेळी मोडतं. त्यालाही ठाऊक असतं."
जरा थांबून म्हणाला,
"पुढची फेरी कुणाकडे? थांबा, कोट घेतो.
त्या डोंगराखालच्या बाईकडे हॉर्न दोनदा वाजवायचा.
एकदा वाजवला तर तिला वाटतं, पोस्ट आलं."

गाडीत तिघांना जागा नव्हती.
मी मागे बसले, लाकडांवर,
कानाला वारा झोंबत होता, आणि पुढे तो
फालानिकोला गिअर कसा टाकावा ते सांगत होता.

इतिवृत्तात दुरुस्ती:
घरं बावीस. हजर बारा.
पेन्सिलीतलं नाव रेविननं खोडलं,
की शाईनं गिरवलं, मी विचारलं नाही.

कुंपणाच्या ठरावाला
अजून सूचक मिळालेला नाही.